सात नंबरच्या प्लॉटवरचा शेंदूर

देवपूरच्या पुढे आमचं दोन एकर रान आहे. शहर सरकत सरकत बांधाला येऊन टेकलं, तेव्हा धाकट्या दिराने आणि मी ठरवलं, प्लॉट पाडायचे. माझी अट एकच होती. विहिरीजवळचा कोपरा माझा. तिथे दोन खोल्या बांधायच्या आणि मुलाच्या तिसऱ्या मजल्यावरून कायमचं खाली उतरायचं. माझे गुडघे गेलेत. सून वाईट नाही, पण तिथे दाराबाहेर पाय टाकला की जिनाच.

दीर म्हणाला, "वहिनी, तो कोपरा तुमनाच शे."

इंजिनिअरने नकाशा काढला. माझा कोपरा सात नंबरला आला. मी चौथीपर्यंत शिकले, तरी सात वाचता येतो. इंजिनिअर म्हणाला, हा कच्चा नकाशा. कचेरीत तपासतात, साहेब जागा बघतात, चुका काढतात, मग पक्का होतो. तोवर एक वीटही ठेवायची नाही.

सहा महिने कागद फिरले. एकदा रस्ता अरुंद निघाला, एकदा मोजणीची नक्कल जुनी. दीर फटफटीवर जायचा आणि तोंड पाडून यायचा. शेवटी साहेब जागा बघायला येणार असं कळलं.

शेतात नवं काम काढायचं तर आमच्यात आधी रानातल्या म्हसोबाला शेंदूर लागतो. म्हसोबा म्हणजे एक दगड. नांगराला आडवा आला की सासरे तो उचलून दुसरीकडे ठेवायचे. मी नांदायला आले तेव्हा तो चिंचेखाली होता, मग बांधावर गेला, मग विहिरीजवळ आला. त्या सकाळी मी तेलात शेंदूर कालवून चांगला जाड फासला, नारळ फोडला, काठीला लाल फडकं बांधलं. म्हटलं, साहेबाची नजर चांगली ठेव.

साहेबाची नजर नेमकी तिथेच गेली.

"आजी, हे काय?"

"म्हसोबा."

"जुना आहे?"

"सासऱ्यांच्याही आधीचा."

साहेब इंजिनिअरकडे वळले. "मग नकाशात का नाही?"

"देवाला कुणी नकाशात काढतं का?" मी म्हटलं. इंजिनिअरने कपाळाला हात लावला.

महिन्याभराने नकाशा लाल शाईने रंगून परत आला. धार्मिक स्थळ दाखवा, भोवती मोकळी जागा सोडा, तिथे जायला रस्ता ठेवा. सात नंबर सगळाच मोकळ्या जागेत गेला. मला मागचा अकरा नंबर दिला, नाल्याच्या काठचा. पावसाळ्यात तिथे आमची म्हैस रुतायची.

दीर माझ्यावरच उखडला. "वहिनी, कोणी सांगं व्हतं शेंदूर लावाले?"

"चाळीस वरीस मीच लावस. तव्हय तुमनं तोंड शिवेल व्हतं का?"

मी म्हटलं, दगड उचला आणि नाल्याकडे ठेवा. सासऱ्यांनी दोनदा हलवला, कुणाला साधी शिंकही आली नाही. दिराने हात जोडले, म्हणाला, मी हात लावणार नाही. इंजिनिअर म्हणाला, "आजी, आता तो कागदावर आलाय. हलवला तर सगळं पहिल्यापासून." सासऱ्यांना कुणाला विचारावं लागलं नव्हतं.

तेवढ्यात शेजारच्या नव्या कॉलनीतल्या बायांना माझं लाल फडकं दिसलं. रविवारी नारळ यायला लागले. कुणीतरी चार फरश्या बसवल्या. आता तो दगड हलवायचा म्हटलं तर कॉलनी अंगावर येईल.

गेल्या रविवारी मी विहिरीजवळ जाऊन उभी राहिले. माझ्या खोल्यांचा उंबरा जिथे येणार होता, तिथे एक तरुण बाई उदबत्ती लावत होती. मान वर करून मला म्हणाली, "आजी, चपला तिकडे काढा ना."

मी काढल्या नाहीत. तशीच परत आले, जिना चढले, दोनदा मध्ये बसले. दिराने सुधारलेला नकाशा सहीसाठी घरी ठेवला आहे. सून रोज विचारते, "आई, करता ना सही?" तो फ्रीजवर पडलाय. मी सही केलेली नाही.