आडवा हात

लग्नाची पंगत बसली होती. दादा, माझा थोरला भाऊ, कडेला खुर्चीवर होता. वाढणारे काका जिलबीचं ताट घेऊन त्याच्याकडे वळले, तसा त्याने आडवा हात धरला. "उपवास आहे."

"तुझा रोजच उपवास! केवढी रे भक्ती!" काका कौतुकाने म्हणाले.

दादाला एचआयव्ही आहे, हे फक्त मला माहीत. खाल्लेलं पोटात टिकत नाही, जुलाब थांबत नाहीत. खरं सांगितलं तर जिलबीचं ताट त्याच्याकडे वळणारच नाही. म्हणून आठवड्याचा एकेक वार त्याने कुठल्या ना कुठल्या देवाला देऊन टाकलाय. त्या आडव्या हाताची बोटं किती वाळलीत! आमच्याकडे माया दाखवतात ती आग्रहानेच. त्याने तीच अडवत जगायचं.

परतताना त्याने हळूच विचारलं, "जिलबी कुरकुरीत होती का गं?"

"नाही रे, पार मऊ पडली होती," मी खोटंच सांगितलं.