आईच्या परातीतल्या प्लेटा

गिअरच्या तांबड्या तेलाचा वास आला की मला आईची पितळी परात आठवते. अपघातात वडिलांचा डावा गुडघा आखडला, क्लच दाबता येईना, आणि त्यांची जीप अंगणात उभी राहिली. वसमतला गॅरेज चालवणारे मामा म्हणाले, "ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बसवू. पण लहान गाडीचा न्हाई चालणार, या इंजिनाची ओढ त्याला सोसायची न्हाई." मग मोठ्या गाडीचा जुना बॉक्स आणून त्यांनी तो आमच्या ओट्यावर खोलला. त्याच्या आतल्या चकत्यांसारख्या नव्या प्लेटा बसवण्याआधी तेलात भिजवायच्या होत्या, आणि तेवढं पसरट भांडं घरात एकच होतं. "काहून रे, माझीच परात?" आई कडाडली. "धुळीचा कण गेला तरी सगळी मेहनत वाया," मामा म्हणाले, तशी तिनं ती स्वतः घासून दिली आणि कोंबड्या हाकलत दिवसभर शेजारी बसली. पुढं हळदीची पोती भरून जीप सिद्धेश्वरचा चढ चढली, तेव्हा वडील ओरडले, "बराबर ओढून राहिली!" आई शांतपणे म्हणाली, "ओढंल न्हाई तर काय, माझ्या परातीत भिजलीय." ती परात आता माझ्या गॅरेजात असते, आणि आई आली की माझ्याआधी तिच्याकडे बघते, घासलेली आहे का म्हणून.