गरम पीस मोजत नसतात

मी माझ्या नवऱ्याच्या बोटाला चावले. दाताखाली हाड लागेपर्यंत चावले. आता तुम्ही म्हणाल, या वयात? हो, या वयात. दात अजून सगळे माझेच आहेत, गुडघे तेवढे गेले. आणि सगळं गुडघ्यांपासूनच सुरू झालं, म्हणून तिथूनच सांगते.

दोन वर्षांपासून मी घरात भिंत धरून चालत होते. संडासात जायचं तर मुलगी सोबत, उठायचं तर तिच्या खांद्यावर हात. ती रिछाईला एका कारखान्याच्या ऑफिसात जाते. ती परत येईपर्यंत मी पाणीसुद्धा मोजून प्यायची. लोक विचारतात, गुडघे बरे झाल्यावर कुठे जायचं, नदीच्या घाटावर की काशीला? मी म्हणायची, आधी स्वतःच्या पायांनी संडासात जाऊ द्या हो, काशी नंतर बघू.

हाडांच्या डॉक्टरांनी फोटो पाहिला आणि इकडच्या रीतीने हिंदीत सांगितलं, "माताजी, ऑपरेशन कर दूँगा. पर पहले वज़न उतारिए. इतने वज़न पर मैं हाथ नहीं लगाऊँगा." खायचं कसं ते सांगितलं, व्यायाम शिकवायला एक मुलगी घरी येईल म्हणाले. आणि जाता जाता हेही म्हणाले, "घर में रोज़ मत तौलना. दो महीने बाद यहीं तौलेंगे."

हे आमच्या यांनीही ऐकलं. चांगल्या दोन कानांनी ऐकलं. आणि परत येताना अधारतालला ऑटो थांबवून वजनकाटा घेतला.

यांचं थोडं सांगावं लागेल. सारी नोकरी तोफगोळ्यांच्या फॅक्टरीत, तपासणी खात्यात. गोळ्याचं कवच मापात बसलं तर पास, केसभर इकडेतिकडे झालं तर लाल रंगाचा फटका मारून बाजूला. तिथून निवृत्त झाले, पण तपासणी काही निवृत्त झाली नाही. पोळी जाड झाली की रिजेक्ट. मुलगी पाच मिनिटं उशिरा आली की दारात उभे. आणि राग! यांनी माझ्यावर हात उचलला नाही कधी. हाताजवळची वस्तू उचलली. ताट, तांब्या, एकदा तर भरलेला कुकर. महाराजपुरच्या या घरात राहायला आलो तेव्हा स्वयंपाकघर रंगवलं होतं, पहिल्याच महिन्यात भिंतीवर वरणाचा डाग पडला. तो अजून आहे. पाहुण्यांना मी सांगते, ओल आली.

तर काटा घरात आला. खोलीत खिडकीखाली यांनी त्याची जागा ठरवली, लेव्हल पाहून. रोज सकाळी आंघोळ झाली की मी भिंत धरून चढायची आणि हे चष्मा लावून वाकायचे.

पहिल्या आठवड्यात दीड किलो उतरलं. बापरे, काय तो आनंद! शेजाऱ्यांना हाक मारून सांगितलं, जसं काही यांनीच उतरवलं. "माप खोटं बोलत नाही," म्हणाले. मी गूळ सोडला, भात सोडला, शेंगदाण्याची चटणी सोडली, आणि श्रेय मापाला.

दुसऱ्या आठवड्यात व्यायाम शिकवणारी मुलगी यायला लागली. दिसायला एवढीशी, पण हात म्हणजे सांडशी. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून दाबायला लावायची, घोट्याला वाळूची पिशवी बांधून पाय उचलायला लावायची. "और आंटी, और." पहिल्या दिवशी मी तिला मनातल्या मनात अशा शिव्या दिल्या की आमच्या घमापुरच्या माहेरच्या गल्लीलाही लाज वाटली असती. मांड्या पेटल्या. दुसऱ्या दिवशी जिथे हात लावावा तिथे ठणका. मी पोटरी दाबत बसायची आणि वाटायचं, कुणी दांडक्याने बडवून गेलं काय आपल्याला.

आणि काट्यावर चढले तर वजन वाढलेलं.

हे वाकले. पुन्हा वाकले. "उतर. परत चढ."

उतरले, चढले. तेच.

"काय खाल्लं?"

"तुमच्यासमोरच तर खाल्लं. भाजी, अर्धी भाकरी."

"मग काहून वाढलं?"

"मला काय माहीत? तुमचा काटा, तुम्हीच विचारा त्याला."

तिसऱ्या दिवशी आणखी वाढलं. पहिल्या आठवड्याची सगळी कमाई गेली आणि वर आणखी पाव किलो. दुपारी जेवायला बसलो. हे माझ्या ताटाकडे बघून राहिले होते. मी भाकरीचा तुकडा मोडला आणि यांनी माझं ताट उचललं आणि भिंतीवर मारलं. ताट भिंतीवरून फ्रीजवर, फ्रीजवरून माझ्या खांद्यावर. भाजी माझ्या केसांत.

"चोरून खाते! डॉक्टरसमोर माझं नाक कापायचं आहे हिला!"

नाक यांचं, गुडघा माझा. मी तांब्या फेकून मारला. लागला नाही, दाराला पोचा पडला तेवढा. मुलगी घरी आली तेव्हा आम्ही दोघं दोन खोल्यांत आणि जमिनीवर मेथीची भाजी.

दुसऱ्या दिवशी फडताळाला कुलूप. त्यात तूप, गूळ, मुलीच्या डब्यासाठी केलेले लाडू. किल्ली यांनी जानव्याला बांधली. पन्नास वर्षं ज्या फडताळातून मी या माणसाला खाऊ घातलं, ते माझ्यासमोर बंद करून हे उघड्या अंगाने किल्ली वाजवत घरभर फिरत होते. मी वरवंटा घेऊन कुलूप फोडायला गेले. पण उभं राहून वरवंटा उचलायचा तर भिंत कोण धरणार? परत येऊन खाली बसले आणि रडले. रागाने रडले, हे लक्षात ठेवा. दुःखाने नाही.

व्यायामवाल्या मुलीने यांना समजावून पाहिलं. "अंकल, नई-नई कसरत में ऐसा होता है. मांस दुखता है तो सूज जाता है, पानी पकड़ लेता है. थोड़े दिन में उतर जाएगा."

"पानी?" हे हसले. "पानी तो हम भी पीते हैं, बेटा."

ती गेल्यावर मला म्हणाले, "तुझ्याकडून लाडू घेत असेल. आतून मिळालेली आहे तुला."

आता तो दिवस. रविवार, सकाळ. त्या दिवशी काटा आणखी वर गेला होता. हे काही बोलले नाहीत, आणि हे बोलले नाहीत की जास्त भीती. मी खुर्चीवर बसले, पाय समोर लांब, घोट्याला वाळूची पिशवी, आणि व्यायाम सुरू केला. व्यायामवालीने सांगितलं होतं, मोजत जा, श्वास रोखू नका. मी तोंडातल्या तोंडात मोजत होते. ओठ मिटलेले, जबडा हलत होता. हे मागून आले.

"काय चावून राहिली?"

मी नुसती नाही म्हणून मान हलवली. बोलले तर मोजणं चुकलं असतं.

"तोंड उघड."

"अहो, मी मोजते..."

पुढचं बोलूच दिलं नाही. यांनी डाव्या हाताने माझे दोन्ही गाल दाबले. बाजारात म्हशीचे दात बघायला दाबतात ना, तसे. आणि उजव्या हाताचं बोट आत घातलं. दाढेमागे, गालात, जिभेखाली. शोधून राहिले. लाडूचा कण शोधून राहिले! मला उठता येईना, पायाला पिशवी बांधलेली. लाथ मारावी तर तो पायही माझा नव्हता. सगळ्या अंगात एक जबडा तेवढा चालता होता.

मी चावले.

हे ओरडले, तसा मी आणखी जोर केला. तोंडात रक्ताची चव आली, खारट, गरम. यांनी दुसऱ्या हाताने माझे केस ओढले, खुर्ची कलंडली, आम्ही दोघं खाली. मी तरी सोडलं नाही. मुलगी बाथरूममधून ओल्या केसांनी धावत आली आणि किंचाळली, "आई! छोड़ो! आई!" तिने माझं नाक दाबलं तेव्हा तोंड उघडलं. रक्त काट्यावर सांडलं होतं, त्याच्या काचेवर, आकड्यांवर. मला बरं वाटलं. खोटं काहून बोलू? खूप बरं वाटलं.

बोट हाडापर्यंत गेलं होतं, म्हणून दवाखान्यात जावं लागलं. मला एकटं सोडायला मुलगी तयार नव्हती, त्यामुळे एका ऑटोत आम्ही तिघं. मध्ये मुलगी. यांच्या हाताला माझीच जुनी ओढणी गुंडाळलेली.

तिथला डॉक्टर अगदी पोरसवदा. ओढणी सोडून म्हणाला, "किसने काटा?"

हे छताकडे बघत म्हणाले, "कुत्ते ने."

मुलीने यांचा शर्ट ओढला. "बाबा, सच बता दो. सुइयाँ लगेंगी."

"गप्प बस," हे मराठीत पुटपुटले. "बायको चावली म्हणून सांगू?"

"पालतू है कि आवारा?" डॉक्टरने विचारलं.

यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी बाकावर बसून पदराने तोंडाचं रक्त पुसत होते.

"पालतू," हे म्हणाले.

डॉक्टर जखम बघत म्हणाला, "जबड़ा छोटा है. पर काटा दबा के है."

मग नर्स आली. म्हणाली, एक सुई दंडात, ती महिनाभर ठरल्या तारखांना येऊन घ्यायची. आणि दुसरी आत्ताच, जखमेतच, ती वजनाच्या हिशेबाने. "अंकल, वज़न?"

यांनी छाती काढून सांगितलं. यांचं वजन वर्षानुवर्षं एकच आहे, यांना त्याचा फार अभिमान. रोज सकाळी माझ्यानंतर स्वतः चढायचे आणि मला ऐकवायचे.

"काँटे पे चढ़िए," नर्स म्हणाली. चढले. ती वाचून लिहायला लागली तर हे ओरडले, "ग़लत! दो किलो ज़्यादा बता रहा है. मशीन ख़राब है."

"मशीन ठीक है, अंकल."

"अरे, सुबह ही देखा है मैंने! अभी नाश्ता किया है, पानी पिया है, जूते हैं, धूप में आया हूँ. ज़रा बैठने दो, फिर तौलो!"

आणि तिथे, बघा, मला एकदम हसू फुटलं. इतकी वर्षं जेवताना या माणसाने मला फॅक्टरीच्या गोष्टी सांगितल्या. त्यातली एक तर इतक्यांदा की मी झोपेत म्हणेन. मशीनवरून उतरलेला पीस कधी लगेच मोजायचा नाही. तो तापलेला असतो, फुगलेला असतो, माप चूक येतं. थंड्या खोलीत ठेवायचा, निवू द्यायचा, मग मोजायचा. नव्या पोरांनी गरम पीस मोजून रिजेक्ट केला की हे त्यांच्या अंगावर धावून जायचे. घरी येऊन त्यांच्या नकला करायचे.

मी बाकावरून म्हणाले, "काहून हो? गरम पीस मोजत नसतात, नाही?"

हे काट्यावरच उभे होते. वळले नाहीत. त्यांची मान मागून लाल झाली, मग पांढरी.

"मी रोज पाय उचलून राहिले होते," मी म्हणाले. "मांड्या पेटल्या होत्या माझ्या. आणि तुम्ही रोज सकाळी मला मोजून रिजेक्ट करत होते."

नर्सला मराठी येत नव्हती. तिने यांना उतरवलं, बसवलं, आणि जखमेत सुई घातली. यांचं ओरडणं बाहेर रांगेत ऐकू गेलं असेल. एक सुई, मग तीच सुई दुसऱ्या बाजूने. मुलीने तोंड फिरवलं. मी नाही फिरवलं.

घरी आलो. मी वरवंटा मागितला, मुलीने मुकाट्याने आणून दिला. जमिनीवर बसून मी काटा फोडला. काच, आकडे, आतली स्प्रिंग, सगळं. हे दारात उभे राहून बघत होते. थांबवलं नाही. माझं झाल्यावर जानव्याची किल्ली सोडली, डाव्या हाताने सोडायला फार वेळ लागला, आणि माझ्याजवळ जमिनीवर ठेवून आत गेले. मी काही लगेच उचलली नाही.

माफ केलं असं नाही. गालांवर यांच्या बोटांचे वळ आठवडाभर होते, त्यांना काय सांगू मी? ताट मात्र नंतर फेकलं नाही. एकदा उचललं, मी नुसतं बोटाकडे पाहिलं, खाली ठेवलं.

दर वेळी हे सुईला गेले की ती नर्स यांना विचारायची, "कुत्ता ज़िंदा है न, अंकल?" चावलेला कुत्रा मेला तर काळजीचं असतं म्हणे. हे म्हणायचे, "ज़िंदा है." शेवटच्या सुईच्या दिवशीच माझी हाडांच्या डॉक्टरांकडे तारीख होती, म्हणून मी सोबत होते. तिने विचारलं तेव्हा हे म्हणाले, "ज़िंदा है. रोज़ कसरत करता है."

मी यांच्याकडे पाहिलं. हे जमिनीकडे बघत होते.

मग आम्ही हाडांच्या दवाखान्यात गेलो. तिथला काटा मोठा, धरायला दांडा असलेला. मी एक पाय ठेवला. हे सवयीने चष्मा लावून पुढे वाकले.

"तिकडे तोंड करा," मी म्हणाले.

"अगं, मी फक्त..."

"तिकडे."

हे वळले. भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, पट्टी बांधलेलं बोट दुसऱ्या हातात धरून. मी दुसरा पाय ठेवला. डॉक्टरांनी वाकून पाहिलं, कागदावर लिहिलं आणि म्हणाले, "बहुत बढ़िया, माताजी. अब तारीख़ देता हूँ."

हे भिंतीकडे बघतच विचारत होते, "किती? किती आलं?"

मी दांडा धरून सावकाश उतरले. डॉक्टरांना म्हणाले, इनको मत बताना.