पाणी येतं तो पत्ता

उलट्या-जुलाबांनी माझी मुलगी पार गळून गेली होती. भाईंदरच्या एका हॉस्पिटलात, कॅज्युअल्टीत, तिला सलाइन लावलं होतं. सकाळी पालिकेच्या आरोग्य खात्यातल्या एक बाई आल्या. कुठल्या भागातून कसले पेशंट येतायत ते बघायला त्या रोजच यायच्या. आधी त्यांनी मुलीच्या तळपायाला हात लावून बघितला, मग पदराने चष्मा पुसत विचारलं, “राहता कुठे?”

खारी भागातल्या आमच्या चाळीत सगळेच सांगायचे, तसं मीही समोरच्या कॉम्प्लेक्सचं नाव सांगितलं. बरं दिसतं ते.

त्या हसल्या. “ताई, पत्र येतं तो पत्ता नको. पाणी येतं तो सांगा.”

मी चाळ सांगितली. शेजारच्या खाटेवर जुलाबांचाच एक पेशंट होता, त्याला त्यांनी विचारलं, “भैया, रिक्षावाले को क्या बोलते हो?” त्यानेही आमचीच गल्ली सांगितली.

सगळ्या पेशंटांनी कॉम्प्लेक्सचाच पत्ता दिल्यामुळे पालिकेची माणसं कालपासून तिथल्या टाक्या तपासत बसली होती. बाईंनी तिथूनच फोन लावला. “कॉम्प्लेक्स नाही हो, समोरची गल्ली. आधी नळ बंद करा.”

दुपारी आमच्या गल्लीच्या गटारात पाण्याचा फुटलेला पाइप सापडला. शेजारणीचं तान्हं बाळ, माझा धाकटा, दोघंही त्या पाण्यापासून वाचली.

मुलगी बरी झाल्यावर मी पेढे घेऊन पालिकेच्या ऑफिसात गेले, तर बाईंची बदली झाली होती. त्या राहतात कुठे, हे तिथे कोणालाच माहीत नव्हतं.

अजूनही पालिकेची कुठलीही बाई दारात आली, की मी तिला आधी बसवते आणि उकळून गार केलेलं पाणी देते.