पुढचा टायर

हे मी कधीच कुणाला सांगितलेलं नाही. आज सायकलच्या दुकानात एक बाई टायर अंगठ्याने दाबून बघत होत्या. दुकानदार म्हणाला, "ताई, जास्त पकडीचा पुढे. मागचं चाक घसरलं तर सावरता येतं, पुढचं घसरलं की माणूस खालीच." मला तिथे उभं राहवेना.

डोंगरवाटेवर जाण्याआधी माझ्या मित्राची, सुधीरची सायकल मीच तयार केली होती. मागचा लवकर झिजतो म्हणून नवा टायर मागे लावला, गुळगुळीत झालेला पुढेच ठेवला.

"पुढचा चालेल ना रे?" सुधीरने विचारलं.

"तू पेडल मार, म्हाताऱ्या!" मी म्हणालो.

उतारावरच्या मुरमात पुढचं चाक सरकलं. त्याचा उजवा हात आता वर उचलला जात नाही. "माझाच वेग जास्त होता," असं तो सगळ्यांना सांगतो, आणि मी शेजारी बसून ऐकतो. ज्याच्यावर भरवसा टाकला, त्याला माणूस सहसा तपासत नाही. चूक माझी होती, एवढं एक वाक्य मी सुधीरचं देणं लागतो.