साडेतीन सुताचा बोल्ट

केदारखेड्याच्या कडूबांचा ट्रॅक्टर त्यांच्या लग्नाआधीचा. विलायती बनावटीचा, बाजूला मोठी पुली असलेला. पुलीवर पट्टा चढवायचा, पट्ट्याचं दुसरं टोक मळणीयंत्राला. गावात आता नवे ट्रॅक्टर झालेत; कडूबांना मळणीला बोलावणारं एकच घर उरलंय, झुंबरबाईंचं. यंदा त्यांचा हरभरा खळ्यावर येऊन पडला, आणि नेमका पुलीच्या चार बोल्टांपैकी एक वाटेत कुठंतरी गळून गेला.

झुंबरबाईंनी फोनवर सांगितलं, आभाळ भरून येतंय, दोन दिवस वाट बघते, मंग नव्या यंत्रवाल्या राजानंदला बोलावते.

एक बोल्ट आणायला असा किती वेळ लागतो? कडूबांनी शेजारचा बोल्ट नमुना म्हणून काढला आणि भोकरदन गाठलं. दुकानदाराने नमुना मापून बारा एमएमचा दिला. घरी येऊन बसवला, तर तीन वेढे गेला आणि अडला. दुसरा दुकानदार म्हणाला, बाबा, जुनं विलायती मशीन, इंचातलं असणार. त्याने चार सुताचा, म्हणजे अर्ध्या इंचाचा दिला, सोबत असू द्या म्हणून तीन सुताचाही. चार सुताचा तोंडातच शिरेना. तीन सुताचा न फिरवताच आत गेला आणि तसाच बाहेर आला.

कडूबा पुलीसमोर उकिडवे बसून राहिले. पत्नी द्वारकाबाई चहा घेऊन आल्या.

"काय झालं?"

"एक शिरतच न्हाई, एक पडून जातो, अन् एक अर्ध्यात अडतो."

"मंग चौथा आणा."

"चौथा कोणता, तेच तर कळून न्हाई राह्यलं."

कुणीतरी जालन्याच्या एमआयडीसीजवळच्या रामप्रसादचं नाव सुचवलं. त्याच्याकडं लेथ होती. कडूबांनी त्याच्यापुढं सगळे बोल्ट मांडले. त्याने एकालाही हात लावला नाही.

"मामा, बोल्ट नका दाखवू. भोक दाखवा."

"भोक ट्रॅक्टरला हाये. ट्रॅक्टर केदारखेड्याला."

"मंग भोकाचा छाप आणा. ओला साबण ठासून भरा, अन् हळूच फिरवत काढा."

कडूबा पुन्हा गावी. द्वारकाबाईंची नवी कोरी साबणाची वडी गेली. धुणं व्हायचंय का ट्रॅक्टर, असं त्यांनी विचारून घेतलं. छाप ओल्या फडक्यात गुंडाळून, डब्यात घालून दुसऱ्या दिवशी जालन्याला गेला. रामप्रसादने तो उजेडात धरला. बाहेरच्या बाजूचे आटे लांब लांब, आतल्या टोकाचे दाट.

"ह्या भोकाचं तोंड एका मापाचं अन् पोट दुसऱ्या मापाचं. कोणीतरी तुमच्या नमुन्यासारखाच बारा एमएम ह्यातबी दामटून घातल्ता. आत मूळचं माप शाबूत हाये. साडेतीन सूत."

"असं माप असतं?"

"असतं ना. दुकानात नसतं."

त्याने लांब बोल्ट कातून दिला आणि बजावलं, तोंडाचे आटे ड्रिलने खरडून टाका, म्हणजे बोल्ट सरळ पोटापर्यंत जाईल. कडूबांनी पुन्हा पुन्हा विचारून घेतलं. तरी घरी पोचेपर्यंत तोंड खरडायचं की पोट, हे डोक्यात उलटंपालटं झालंच. शेवटी द्वारकाबाईंनीच फोन लावून विचारलं. तोंड. बोल्ट बुडापर्यंत गेला.

पण या येरझारांत दोन दिवसांची मुदत उलटून गेली होती. झुंबरबाईंच्या खळ्यावर ट्रॅक्टर नेला, तर राजानंदचं यंत्र तिथं उभं. पोती भरून झालेली. कडूबांनी ट्रॅक्टर बंदही केला नाही आणि वळवलाही नाही. नाकाला पदर बांधलेल्या झुंबरबाई भुश्शातून पुढं आल्या.

"उशीर केला. तो कोपऱ्यातला ढीग तुमच्यासाठी ठेवलाय."

"आक्का, दया म्हणून नका ठेवू. राजानंदलाच सांगा."

"दया कशाची? त्याचं यंत्र दाणा फोडतं. खायला चालतं, पेरायला न्हाई. ते बियाण्याचं हाये. तुमचं हळू चालतं म्हणून तर दरसाल बोलावते."

कडूबा बघतच राहिले. बाईंच्या खळ्यावर आपला ट्रॅक्टर मागं पडलेला दिसू नये म्हणून इतकी वर्षं ते तो होईल तेवढा जोरात रेटत आले होते.

"म्हणजे... अजून हळू चालवलं तर?"

"बराबर. मंग दाणा फुटायचाच न्हाई."

त्यांनी पट्टा चढवला, रेस थोडी कमी केली आणि बाईंकडं पाहिलं. बाईंनी ढिगातला पहिला भारा उचलला. कडूबांनी अजून थोडी कमी केली आणि पुन्हा पाहिलं.