अंगावर न उमटलेला रंग

शेवटच्या भेटीत, हॉस्पिटलात, ताईनं मला दोनच गोष्टी विचारल्या. "कढीपत्त्याला पाणी घातलंस?" आणि मग, "रक्ताची तपासणी केलीस?" मी दोन्हींना मान डोलावली. खरं फक्त पाण्याचं होतं... मावशी ज्या कॅन्सरनं गेली त्याच कॅन्सरनं ताई गेली, आणि तो आनुवंशिक असू शकतो म्हणून धाकट्या बहिणीनं, म्हणजे मी, तपासून घ्यावं असं डॉक्टरांनी बजावलं होतं. महिना उलटून गेला. लॅबवरून रिक्षा गेली तरी मी मान दुसरीकडे वळवते.

ताई पनवेलच्या कॉलेजात प्राणीशास्त्र शिकवायची आणि नवीन पनवेलच्या आमच्या गॅलरीत फुलपाखरं वाढवायची. कुंडीतला कढीपत्ता आधी त्यांचा, मग आमचा. फोडणीसाठी पान तोडताना ते उलटून बघायचं आणि अंडं दिसलं तर त्या फांदीला हात लावायचा नाही, हा तिचा दंडक. एकदा आईनं पानांवरची पाखरांची घाण म्हणून ओल्या फडक्यानं जे पुसलं, त्या अळ्या निघाल्या. त्या लहानपणी दिसतातच तशा. ताईनं अबोला धरला तेव्हा आईच वैतागून म्हणाली, "अगं, त्यांना सांग ना जरा बऱ्या दिसा म्हणून!"

त्या जातीचं नाव बहुरूपी. काही माद्या नरासारख्याच काळ्या-पांढऱ्या, तर काहींच्या पंखांवर लाल ठिपके, एका विषारी फुलपाखरासारखे. पक्षी फसतात. "विषबिष काही नाही गं, नुसतं सोंग," ताई म्हणायची. मग नराला का नाहीत लाल ठिपके, असं मी विचारलं होतं.

"त्याच्यातही लाल ठिपक्यांचं जनुक असू शकतं. फक्त त्याच्या पंखांवर ते रंग उमटवत नाही. बटण कुणात, कधी, कुठे दाबलं जातं, त्यावर सगळं."

तेव्हा मला गंमत वाटली होती. आता ते सारखं आठवतं. वर दिसत नाही म्हणून आत नाही, असं थोडंच असतं... केमोला जाताना ताई गडद लाल लिपस्टिक लावायची. मी हसले की म्हणायची, "सोंग गं. आतून पाय लटपटतायत."

काल पोह्यांसाठी कढीपत्ता तोडायला गेले. नको वाटत होतं, तरी पान उलटलं. मोहरीएवढं पिवळसर अंडं. पोहे कढीपत्त्याशिवायच केले. आईनं पहिला घास घेतला आणि गॅलरीकडे पाहिलं.

"आई, उद्या रक्त द्यायला जातेय. मला फार भीती वाटतेय."

आई उठली. ताईच्या कपाटातून ती लाल लिपस्टिक आणून तिनं माझ्या हातात दिली.